बेळगावहून समुद्रावर गळ टाकायला: डॉल्फिनफिश आणि टारपॉनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिडकलच्या पाण्यावर रोहू-कटल्याला पिठाचा गोळा लावून बसणारी मंडळी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कमी नाहीत. त्यांतल्या कुणाला बोट भाड्याने घेऊन समुद्रावर जायचं झालं की जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं. दोन मासे मुद्दाम घेतले आहेत, कारण त्यांना वागवायची रीत एकमेकांच्या अगदी उलट आहे. डॉल्फिनफिश बोटीवर आला की त्याला लगेच बर्फ लागतो, टारपॉनला लगेच परत पाणी लागतं. मासा लागेपर्यंतचं बरंचसं काम तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) सांभाळून घेतो. लागल्यानंतरचा अर्धा तास तुमचा असतो, आणि गरम पाण्याच्या समुद्रात सगळं बिघडतं ते त्याच अर्ध्या तासात.

डॉल्फिनफिश म्हणजे डॉल्फिनच का?

नाही. डॉल्फिन हा सस्तन प्राणी आहे, त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. डॉल्फिनफिश (हॉटेलात 'माही-माही') हा खवल्यांचा, कल्ल्यांचा साधा मासा आहे. पाठ निळी-हिरवी, पोट सोनेरी, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लांब पर. मोठ्या नराचं कपाळ भिंतीसारखं उभं असतं, मादीचं गोलसर. मेल्यावर हा रंग काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे बाजारातला राखाडी मासा पाहून ओळख पटत नाही. स्थानिक नाव बंदरागणिक बदलतं. फोटो दाखवून विचारलेलं बरं.

आणि टारपॉन? तो आपल्याकडे मिळतो?

टारपॉनच्या दोन जाती आहेत. अमेरिकेच्या चित्रांत माणसाएवढा उडी मारताना दिसतो तो अटलांटिक टारपॉन. त्याची लांबी अडीच मीटरच्या जवळ जाऊ शकते आणि आयुष्य पन्नास वर्षांच्या वर. आपल्या खाड्यांतला इंडो-पॅसिफिक टारपॉन त्याचा धाकटा भाऊ. गळाला बहुतेक वेळा फूट-दीड फुटाचाच लागतो. रुपेरी मोठे खवले, वर वळलेला खालचा जबडा, आणि पाठीच्या पराचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा लांब, या तीन खुणांवरून तो ओळखता येतो. दोन्ही जाती पाण्यावर येऊन हवा घेतात. आतली हवेची पिशवी फुप्फुसासारखी काम करते, म्हणून कमी प्राणवायूच्या चिखलट खाडीतही हे मासे टिकतात. पाण्यावर हळूच पालथी होणारी रुपेरी पाठ दिसली की टारपॉन तिथे आहे असं समजा.

बेळगावहून कोणता किनारा सोयीचा?

तीन वाटा आहेत. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला घाटाने साखळीमार्गे मांडवी आणि पणजी. चंदगड तालुक्यातून आंबोली उतरून सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ला-मालवण. खानापूर-लोंढा-रामनगर-जोयडा-अणशीमार्गे कारवार. निपाणी-चिकोडीकडच्यांना राधानगरी-फोंडाघाट-कणकवली हा रस्ता मालवण-देवगडसाठी जवळचा पडतो.

खाडीतला टारपॉन हवा असेल तर गोव्याच्या खाड्या, खोल समुद्र हवा असेल तर मालवण किंवा कारवार, असा आमचा सल्ला. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या गाभा क्षेत्रात गळ टाकू नका. कारवारला नौदलाच्या तळाजवळ बोट नेता येत नाही. दोन्ही ठिकाणच्या हद्दी तांडेलाला तोंडपाठ असतात, त्याने 'इथे नको' म्हटलं की विषय संपला.

सकाळची बोट असेल तर आदल्या रात्रीच किनाऱ्यावर मुक्काम करा. पहाटे घाट उतरून थेट बोटीत चढणारा माणूस पहिल्या तासातच आडवा होतो.

कोणत्या महिन्यांत जावं?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. 'आपण हौशी, आपल्याला काय' असं म्हणून कुणी नेत असेल तर त्या बोटीत बसू नका. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी समुद्र खवळलेलाच असतो. जुनी माणसं नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाहीत ती उगाच नाही.

डॉल्फिनफिशला २१ ते ३० अंशांचं, स्वच्छ निळं पाणी लागतं. पावसाळ्याचा गढूळपणा निवळल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, बोटी बाहेर जाऊ लागतात. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ आहे. नोव्हेंबर २००९ मधलं फयान कोकणात अजून विसरलेलं नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज रोज देते. लाटांची उंची दीड मीटरच्या वर दाखवत असेल तर छोट्या बोटीने बाहेर पडू नका, आगाऊ रक्कम बुडाली तरी.

बोट ठरवताना काय विचारायचं?

भाडं शेवटी विचारा. आधी हे विचारा: बोट नोंदणीकृत आहे का, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का (मोजून घ्या, मुलांसाठी लहान मापाची वेगळी लागतात), वायरलेस किंवा जीपीएस आहे का, दुसरं इंजिन किंवा निदान वल्ही-नांगर आहे का. मग डिझेल, आमिष आणि बर्फ भाड्यात धरलेत की वेगळे, आणि मासा कुणाचा. शेवटचा मुद्दा आधी बोलला नाही तर जेटीवर हमखास वाद होतो. काही बोटींवर मोठा मासा बोटवाल्याचा, अशी रीत असते.

वेळ 'जेटी ते जेटी' धरतात की 'गळ टाकल्यापासून', हेही स्पष्ट करा. डॉल्फिनफिशसाठी जाऊन-येऊनच तीन-चार तास मोडतात, त्यामुळे चार तासांची फेरी घेऊन तो मागणं व्यर्थ आहे. सकाळी निघून दुपारी उशिरा परत, एवढा वेळ हवा. चारपेक्षा जास्त गळ एका वेळी पाण्यात नकोत, म्हणून चार-पाच जणांचा गट बरा.

आधार कार्ड प्रत्येकाने जवळ ठेवावं. सागरी पोलिस आणि तटरक्षक दल तपासतात.

डॉल्फिनफिश शोधायचा कसा?

हा मासा तळाशी बसत नाही, सावलीला थांबतो. पाण्यावर तरंगणारा ओंडका, तुटलेल्या जाळ्याचा गुंता, शेवाळाची पट्टी, एखादं रिकामं पिंप, यातल्या कशाच्याही खाली त्याची टोळी असू शकते. गढूळ हिरवं पाणी आणि निळं पाणी जिथे भेटतं तिथे फेसाची रेघ दिसते. कचरा त्याच रेघेवर गोळा होतो, म्हणून तांडेल रेघ धरून बोट चालवतो. उडणारे मासे (पाखरू मासे) घाबरून थव्याने उडाले किंवा पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले, तर तिकडे वळा.

ओंडका दिसला म्हणून बोट थेट अंगावर घालायची नाही. वीस-तीस मीटरवरून फेरी मारायची. मागे ओढायचे गळ (ट्रोलिंग) ताशी ११ ते १५ किलोमीटर वेगाने ओढतात, दोन जवळ, दोन लांब, वीस ते पन्नास मीटरच्या दरम्यान. वेग जास्त झाला तर लूर (नकली आमिष) पाण्याबाहेर उड्या मारतं. कमी झाला तर बुडून मेल्यासारखं येतं.

आता खरी युक्ती. पहिला मासा लागला की इंजिन मंद करा, पण तो मासा लगेच वर घेऊ नका. दहा-पंधरा मीटरवर पाण्यातच धरून ठेवा. टोळी त्याच्यामागे बोटीपर्यंत येते. मग दुसऱ्याने हलका रॉड घेऊन बांगड्याचा किंवा तारलीचा बोटभर तुकडा टोळीत टाकायचा. पुढचा मासा लागला की पहिला वर घ्यायचा, दुसरा पाण्यात ठेवायचा. साखळी अशी चालते. सगळ्यांनी एकदम मासे वर ओढले की टोळी पांगते आणि परत येत नाही.

पुरे झाले की थांबा. हा मासा जलद वाढतो, चार-पाच महिन्यांत अंडी घालायला लागतो, त्यामुळे घरापुरते काढायला हरकत नाही. तरी हातभर लांबीपेक्षा लहान आहेत ते परत सोडा.

तळ्यावरचा रॉड चालेल का?

खाडीसाठी चालेल, समुद्रासाठी नाही. खाडीच्या टारपॉनला सात फुटी हलका रॉड, ३००० आकाराचं रील, १५ ते २० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन) आणि २५ पौंडी लीडर (गळाजवळचा जाड तुकडा) पुरतो. दोन-तीन इंचांचं लूर किंवा १/० नंबरचा गळ आणि जिवंत कोळंबी.

डॉल्फिनफिशला ५००० ते ६००० आकाराचं रील, ३० ते ४० पौंडी ब्रेड किमान २५० मीटर, ५० पौंडी लीडर दोन मीटर, आणि ४/० ते ६/० गळ. रीलवर ब्रेड थेट गुंडाळू नका. आधी आठ-दहा मीटर साधा तंगूस (नायलॉनची एकेरी लाइन), त्यावर ब्रेड. नाहीतर मासा जोरात धावला की ब्रेडचा सगळा गठ्ठा रिळावर फिरत राहतो, बाहेरून ड्रॅग (लाइन किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट दिसतो आणि हाताला काहीच लागत नाही. नव्या रीलची सगळ्यात जास्त तक्रार हीच येते, आणि रीलमध्ये दोष नसतोच.

ड्रॅग किती ठेवायचा?

लाइनच्या ताकदीच्या पाव भाग. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो, म्हणून साडेतीन किलोच्या आत. अंदाजाने नको. रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा घ्या, लाइनचं टोक त्याच्या आकड्याला बांधा, रॉड पंचेचाळीस अंशांत धरून ओढा आणि काटा साडेतीनवर असताना लाइन सुटू लागेल असं नॉब फिरवा. हे किनाऱ्यावर करायचं. मासा धावत असताना नॉब पिळणाऱ्याची लाइन तुटते, कारण लाइन जसजशी बाहेर जाते तसा रिळाचा घेर कमी होतो आणि ड्रॅग आपोआप घट्ट होत जातो.

गाठ कोणती?

एक गाठ पक्की येत असली तरी पुरे: युनि नॉट. लाइन गळाच्या डोळ्यातून ओवून मागे घ्या, मुख्य लाइनला समांतर धरून एक फास करा. टोक त्या फासातून, दोन्ही धाग्यांभोवती, पाच-सहा वेळा फिरवा (ब्रेड असेल तर आठ). थुंकीने ओली करा. टोक ओढून वेढे आवळा, मग मुख्य लाइन ओढून गाठ डोळ्याशी सरकवा. तीन मिलिमीटर शेपूट ठेवून कापा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि गाठीजवळ पांढरा पडतो. पांढरट दिसली की कापून टाका.

प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा मीटर अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढून पाहा. खरखर लागली की तेवढा भाग कापा.

खाडीत टारपॉन नेमका कुठे आणि कधी?

म्हादई खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते आणि खाली जाऊन मांडवी होते. म्हणजे आपल्याच डोंगरातलं पावसाचं पाणी पणजीच्या खाडीत उतरतं, आणि ते जोवर गढूळ व गोडं असतं तोवर तिथे गळाला फारसं काही लागत नाही. पाणी निवळून खारं झालं की जा.

जागा बघायची ती खाडीला मिळणाऱ्या ओहळाच्या तोंडाची, पुलाच्या खांबांच्या सावलीची, आणि खाजण शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) मानशीची. मानस म्हणजे बांधातली पाण्याची दारं. ओहोटीला दार उघडलं की कोळंबी आणि बारीक मासे बाहेर वाहून येतात आणि टारपॉन, तांबोशी, चोणक तोंड उघडून उभे असतात. पण मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. घेणाऱ्याला विचारल्याशिवाय तिथे गळ टाकणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. बोट दूर, वाहत्या धारेच्या शेवटी लावा.

भरती संपून ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात वाहतं, अष्टमीच्या भांगाला मंद. टारपॉनला वाहतं पाणी आवडतं, पण ऐन उधाणात गळ जागेवर राहत नाही. म्हणून उधाणानंतरचे दोन-तीन दिवस धरावेत.

टारपॉन लागतो, उडी मारतो आणि सुटतो. काय चुकतं?

त्याचं तोंड हाडाचं आहे. साध्या गळाने हिसका दिला तर टोक हाडावरून घसरतं. सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) वापरा आणि हिसका देऊच नका: मासा वळून चालू लागला की फक्त हँडल फिरवा, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. गळ बोथट तर नाही ना, हे अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. घसरला तर कानशीने धार द्या.

उडी मारली की रॉडचं टोक झटकन माशाच्या दिशेने खाली न्या, लाइन सैल पडू द्या. ताणलेल्या लाइनवर हवेत डोकं झटकलं की गळ उडतो. मासा पाण्यात पडला की परत ताण.

पकडल्यावर टारपॉनचं काय करायचं?

सोडायचा. खायला काटेच काटे, आणि अटलांटिक जातीची मादी तर वयात यायला दहाएक वर्षं घेते. टोकाजवळचा उलटा काटा चिरडून ठेवलेला गळ असेल तर पक्कडीने पाण्यातच सुटतो. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग जखम चिघळते. कल्ल्यात बोटं घालू नका, जबड्याला धरून लटकवू नका. फोटो हवा तर तो पोटाखाली हात घेऊन, पाण्यालगत, श्वास रोखून धरता येईल तेवढ्याच वेळात.

दमला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटी स्वतःहून मारू लागेपर्यंत सोडू नका. पुढे-मागे हलवू नका, उलटं पाणी कल्ल्यांना त्रास देतं.

मुलाकडे फ्लोरिडाला जातोय, तिथे मोठा टारपॉन धरता येईल?

येईल. एप्रिल ते जुलै मुख्य हंगाम, बोका ग्रांडे आणि कीज ही नामांकित ठिकाणं. परवाना असलेल्या चार्टर बोटीवर पाहुण्याला वेगळा मासेमारी परवाना लागत नाही, आणि छोट्या बोटीत सहापर्यंतच प्रवासी घेतात. टारपॉन तिथे पकडून सोडायचाच मासा आहे: ४० इंचांपेक्षा (साधारण एक मीटर) मोठा असेल तर पाण्याबाहेर काढायलाही मनाई. लढत लांबली की शार्क येतात, म्हणून कॅप्टन जड रॉड देईल. 'हलक्याची मजा' मागू नका.

डॉल्फिनफिशला बर्फ किती आणि कसा?

सगळा खर्च करून नेमका इथे हात आखडणारे खूप. माशाच्या वजनाइतका बर्फ हा किमान हिशेब, आणि परतीच्या घाटासाठी निम्मा आणखी. दहा किलो मासा असेल तर पंधरा किलो बर्फ. लादी फोडून बारीक करा, मोठ्या ढेकळांच्या फटीत मासा गरमच राहतो.

मासा वर येताच डोक्यावर एक टोला, मग कल्ल्याखालची शीर कापून रक्त जाऊ द्या. लगेच दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा काल्यात पूर्ण बुडवा. हा काला नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार करतो, कारण पाणी माशाला सगळीकडून चिकटतं. जेटीवर आतडी-कल्ले काढा, पोटात बर्फ भरा. परतताना पेटीचं खालचं बूच उघडं ठेवा आणि मासा बर्फाच्या थरावर ठेवा, साचलेल्या पाण्यात नको.

एवढी घाई कशाला? वास येत नसेल तर चालतो की!

चालत नाही. डॉल्फिनफिश, बांगडा, गेदर (कुपा) यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. याला वास नसतो, आणि एकदा तयार झालं की तळून, उकळून, परत गोठवून काही जात नाही. खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून एक-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज, डोकेदुखी, धडधड. लोक याला 'माशाची ॲलर्जी' समजतात आणि पुढे आयुष्यभर मासा सोडतात. बहुतेकांना एका दिवसात बरं वाटतं, पण दम लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखान्यात न्यायचं, दमेकऱ्यांना आणि हृदयरोग्यांना तर लगेच.

शिजवायचा कसा?

जाड कातडी काढून टाका. मांस घट्ट आणि कमी तेलाचं असतं, जास्त शिजलं की कोरडं पडतं. दोन सेंटिमीटरचा तुकडा रवा लावून तव्यावर बाजूला तीन मिनिटं. आमटीत घालायचा तर रस आधी पूर्ण उकळून घ्या, तुकडे शेवटी सोडा.

बोट लागू नये म्हणून?

चोर्ला घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी समुद्र गृहीत धरावा. डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्री आणि निघण्याआधी तासभर. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. बोटीच्या मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर, डिझेलच्या धुरापासून लांब. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका.

काटा टोचला किंवा गळ रुतला तर?

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून तपासावं, दुखणाऱ्याला चटका कळत नाही. केंड (फुगणारा मासा) कितीही मोठा असला तरी खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

गळ उलट्या काट्यासकट आत गेला असेल तर ओढू नका. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात असेल तर तसाच ठेवून लाइन कापा आणि डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच पाहून घ्या.

समुद्रात मदत हवी असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, वायरलेसवर चॅनल १६. पाच-दहा मैलांवर मोबाइलची रेंज जाते, म्हणून वायरलेसचा प्रश्न बोट ठरवतानाच विचारायचा.

कासव लागलं तर?

वर ओढू नका. बोटीजवळ घ्या, गळ बाहेर दिसत असेल तर काढा. गिळला असेल तर लाइन तोंडाच्या जितकी जवळ कापता येईल तितकी कापा. लांब दोरी मागे लोंबत राहिली तर तीच त्याचा जीव घेते.

घरी आल्यावर रीलचं काय?

ड्रॅग पूर्ण घट्ट करा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये जाणार नाही. मग गोड्या पाण्याचा हलका फवारा. नळाची जोरदार धार नको, ती मीठ आतल्या बेअरिंगमध्ये ढकलते. पुसून सावलीत वाळवा, वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. रॉडच्या कड्या कापडाने आतून पुसा. लूरचे वापरलेले गळ नव्या गळांच्या डब्यात परत टाकू नका, एकाचा गंज सगळ्यांना लागतो.